सेट-नेक गिटार घरी बनवायची तर गोंदाच्या आधीच सगळं ठरतं

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला दुकानात गेलं की ‘बोल्ट-ऑन’ (मान धडाला स्क्रूनं जोडलेली) आणि ‘सेट-नेक’ (मान धडात चिकटवलेली) हे दोन शब्द कानावर पडतातच. दुसरा शब्द उच्चारताना आवाज जरा आदराचा होतो, किंमतही वर सरकते. घरच्या घरी गिटार बनवण्याचे व्हिडिओ बघणाऱ्यांनाही हाच शब्द खुणावतो. व्हिडिओत मान खाचेत अलगद बसते, गोंद लागतो, क्लँप आवळले जातात आणि पुढच्या दृश्यात गिटार वाजू लागते. त्यामुळे सेट-नेक म्हणजे चांगला गोंद आणि भक्कम क्लँप, असा समज होतो.

गोंद लावणं हा या कामातला सगळ्यांत सोपा भाग आहे. गोंदाची बाटली उघडण्याआधीच गिटार चांगली होणार की नाही हे ठरलेलं असतं. ते कशानं ठरतं, ते इथे पायरीपायरीनं समजून घेऊ.

मान आणि धड

गिटारीचे दोन मुख्य भाग: हातात धरायची लांब मान आणि छातीशी टेकणारं धड. मानेवर पाच-सहा मिलिमीटर जाडीची कठीण लाकडाची पट्टी असते, ती फिंगरबोर्ड. तिच्यात ठोकलेल्या धातूच्या आडव्या तारा म्हणजे फ्रेट. वाजवायच्या तारा वरच्या टोकाला ‘नट’ नावाच्या खाचा पाडलेल्या पट्टीवर टेकतात आणि खाली धडावरच्या ‘ब्रिज’वर. नट ते ब्रिज हे अंतर म्हणजे ‘स्केल’.

मान धडाला तीन तऱ्हांनी जोडतात. पहिली तऱ्हा स्क्रूची, म्हणजेच बोल्ट-ऑन. १९५० साली लिओ फेंडर यांनी बाजारात आणलेल्या गिटारीची, म्हणजे पुढे टेलिकास्टर म्हणून गाजलेल्या गिटारीची मान चार स्क्रूंनी बसवलेली होती. दुसऱ्या तऱ्हेत मानेचं लाकूडच धडाच्या टोकापर्यंत आरपार जातं. तिसरी तऱ्हा सेट-नेकची: मानेच्या टोकाला चौकोनी जीभ, धडात तिच्या मापाची खाच, आणि दोन्हींच्या मध्ये गोंद. १९५२ साली आलेली गिब्सनची लेस पॉल हे याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण.

घरातली जुनी सागवानी खुर्ची उलटी करून बघितलीत तर हा सांधा लगेच कळेल. आडव्या पट्टीचं टोक पायातल्या खाचेत घुसलेलं असतं, खिळा कुठेच नसतो, आणि तीन पिढ्या बसून गेल्या तरी ती करकरत नाही. सुताराने ती गोंदाच्या भरवशावर केलेली नसते. टोक खाचेत इतकं घट्ट बसलेलं असतं की गोंदाला फार काही करावंच लागत नाही.

सेट-नेकचा आवाज खरंच वेगळा असतो का?

हा प्रश्न आधीच निकालात काढू. ‘चिकटवलेल्या मानेमुळे सूर जास्त वेळ टिकतो’ असं सगळीकडे सांगितलं जातं. आर. एम. मोटोला यांनी २००७ मध्ये ‘अमेरिकन लुथरी’ या वाद्यनिर्मितीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच वाद्य घेऊन त्याची मान आधी आरपार, मग चिकटवलेली, मग स्क्रूची अशी करत त्यांनी सूर किती वेळ टिकतो ते मोजलं. फरक होता, पण अगदी थोडा, आणि तो स्क्रूच्या बाजूनं होता. ऐकणाऱ्यांना तर तो ओळखताही आला नाही. एका वाद्यावरचा हा प्रयोग असला तरी ‘गोंद म्हणजे जास्त सूर’ हे गृहीत धरायला त्यानंतर फारशी जागा उरत नाही.

मग सेट-नेक कशासाठी? हातासाठी. स्क्रू धरून ठेवायला मान आणि धड मिळून बरीच जाडी लागते. चिकटवलेल्या सांध्यात ती जाडी कोरून, गोलाई देऊन काढून टाकता येते, आणि वरच्या सुरांकडे जाणारा तळहात कुठे अडखळत नाही. दुसरं कारण म्हणजे तो सांधा हातानं करण्यातला आनंद. माझ्या मते घरी बनवणाऱ्याला हे कारण पुरेसं आहे.

सगळा खेळ कोनाचा

बोल्ट-ऑन गिटारीत मानेचा कोन थोडा चुकला तर स्क्रू सैल करायचे, खाली पातळ पाचर सरकवायची आणि पुन्हा आवळायचे. पाच मिनिटांचं काम. सेट-नेकमध्ये कोन एकदाच ठरतो, म्हणून तो आधी कागदावर ठरवावा लागतो.

कोन लागतोच कशाला, ते आकड्यांतून बघू. लेस पॉलचं स्केल कागदोपत्री २४.७५ इंच, म्हणजे साधारण ६२८ मिलिमीटर. मान धडाला सोळाव्या फ्रेटपाशी मिळते आणि तिथून ब्रिज सुमारे २४९ मिलिमीटर लांब असतो. फिंगरबोर्ड ६ मिलिमीटर जाड, त्यावर फ्रेट १ मिलिमीटर उंच. म्हणजे फ्रेटचे माथे धडाच्या पृष्ठभागापासून ७ मिलिमीटर वर. मान धडाला अगदी समांतर ठेवली तर ब्रिजपाशीही ही उंची ७ मिलिमीटरच राहील. तारा ब्रिजवर फ्रेटच्या पातळीपेक्षा साधारण ३ मिलिमीटर वर हव्यात, म्हणजे ब्रिज १० मिलिमीटर उंचीचा हवा. पण दोन खांबांवर उभा राहणारा ट्यून-ओ-मॅटिक जातीचा ब्रिज सहसा इतका खाली बसतच नाही. तारा उंच राहतात, दाबताना बोटं दुखतात, आणि बोट दाबलं की सूरही चढतो.

आता उलट हिशेब करा. ब्रिज आपल्या खांबांवर मधोमध असावा, म्हणजे पुढे वर-खाली करायला वाव राहील. समजा त्या वेळी तारेची उंची १६ मिलिमीटर आहे. त्यातून ३ वजा केले की फ्रेटची पातळी ब्रिजपाशी १३ मिलिमीटरवर हवी. सांध्यापाशी ती ७ आहे. म्हणजे २४९ मिलिमीटरांत ६ मिलिमीटर चढ, म्हणजेच सुमारे १.४ अंश. सपाट धडासाठी हा कोन पुरतो. लेस पॉलचं धड मध्ये फुगीर कोरलेलं असतं आणि ब्रिज त्या फुगवट्यावर बसतो, म्हणून तिथे चारच्या आसपास अंश लागतात.

चूक किती महागात पडते तेही बघा. कोन अर्ध्या अंशानं चुकला तर ब्रिजपाशी २ मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. ९० मिलिमीटर लांबीच्या खाचेत अर्धा अंश म्हणजे एका टोकाला जेमतेम पाऊण मिलिमीटर. खाचेच्या तळाशी पाऊण मिलिमीटर जास्त खरवडलं गेलं की ब्रिजचा अर्धा वाव संपला.

खुद्द गिब्सनलाही हे पहिल्या फटक्यात जमलं नव्हतं. १९५२ च्या पहिल्या लेस पॉल गिटारींमध्ये मानेचा कोन इतका कमी होता की तारा ब्रिजच्या दांडीवरून नेता येईनात. त्या दांडीच्या खालून न्याव्या लागल्या आणि उजव्या तळहातानं तारा दाबून वाजवणं अवघड होऊन बसलं. पुढच्याच वर्षी कंपनीनं कोन वाढवला आणि ब्रिजही बदलला.

म्हणून पहिलं काम लाकूड आणण्याचं नाही. मोठ्या कागदावर गिटारीचं बाजूनं दिसणारं चित्र खऱ्या मापात काढा. हातात घेतलेला ब्रिज, हातात घेतलेली फ्रेटची तार, फिंगरबोर्डची प्रत्यक्ष जाडी, सगळं मोजून. वेबसाइटवरचं माप उतरवू नका. ब्रिज आधी विकत घ्या, मग चित्र काढा.

तो कोन लाकडात कसा उतरवायचा?

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. वरच्या हिशेबातच उत्तर आहे: २४९ मिलिमीटरांत ६ मिलिमीटर. २५० मिलिमीटर लांबीच्या दोन सारख्या लाकडी पट्ट्या घ्या. एका टोकाला ६ मिलिमीटर जाडी आणि दुसऱ्या टोकाला शून्य, अशा उतरत्या रंधून काढा. दोन्ही पट्ट्या एकत्र बांधून रंधल्या तर उतार हुबेहूब सारखा येतो. खाचेच्या दोन्ही बाजूंना त्या धडावर दुतर्फी टेपनं चिकटवा. जाड टोक ब्रिजच्या दिशेला, पातळ टोक मानेच्या दिशेला. त्यांच्यावर एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, साचा ठेवा आणि साच्यावरून राउटर चालवा. राउटर म्हणजे वेगानं फिरणाऱ्या पात्यानं लाकूड कोरणारं हातातलं यंत्र. खाचेचा तळ आपोआप त्याच उतारानं कोरला जातो.

एका वेळी ३ मिलिमीटरपेक्षा खोल जायचं नाही. घाई केली की पातं लाकूड फाडतं, आणि खाचेचा फाटलेला काठ तयार गिटारीवर कायम दिसत राहतो.

यातून एक नवी अडचण निघते. मान चढती आहे, पण धड सपाट आहे. सांध्यापासून पुढे धडावर पसरलेल्या फिंगरबोर्डच्या शेपटाखाली फट पडते, बाविसाव्या फ्रेटपाशी ती जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर होते. मानेची जीभ फिंगरबोर्डच्याच रुंदीची आणि लांबीची ठेवली तर ही फट उरतच नाही. पहिल्या गिटारीसाठी हाच मार्ग बरा.

मधली रेषा

कोन बाजूनं बघायचा, रेषा वरून. मान किंचित डावी-उजवीकडे वळली तर एका बाजूची तार फिंगरबोर्डच्या काठावरून घसरते. तपासायला शिवणकामाचा दोरा पुरतो. गोंद न लावता मान खाचेत बसवा, नटच्या पहिल्या आणि सहाव्या खाचेतून दोन दोरे ब्रिजच्या जागेपर्यंत ताणा. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही काठांपासून दोऱ्यांचं अंतर सारखं आलं पाहिजे. ब्रिजच्या खांबांची भोकं ही तपासणी झाल्यावरच पाडा. धडावर आखलेल्या रेषेपेक्षा मान जिकडे बघते आहे ती दिशा खरी.

फ्रेटच्या जागांबद्दल थोडक्यात. प्रत्येक फ्रेटमागे उरलेल्या लांबीचा १७.८१७ वा भाग कमी होत जातो. ६२८ च्या स्केलवर पहिला फ्रेट नटपासून ३५.२५ मिलिमीटरवर, दुसरा ६८.५ वर, बारावा बरोबर मध्ये ३१४ वर. प्रत्येक माप नटपासूनच घ्या. आधीच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर बारीक चुका साठत जातात आणि वरचे सूर बेसूर होतात.

सांधा किती घट्ट असावा?

गोंद न लावता मान खाचेत बसवली, मानेला धरून गिटार उचलली, आणि धड खाली पडलं नाही, इतका घट्ट. हातोडी मारावी लागली तर जास्त घट्ट. मग गोंद लावल्यावर लाकूड ओलाव्यानं फुगेल आणि जीभ अर्ध्यावरच अडकेल.

यंत्रानं इथपर्यंत पोचता येत नाही, शेवटचा भाग हाताचाच. खाचेच्या भिंतींवर आणि तळावर मऊ पेन्सिल आडवी धरून घासा. मान बसवा, थोडी हलवा, काढा. जिभेवर जिथे काळे डाग उमटले तिथे लाकूड लाकडाला टेकतं आहे, बाकी ठिकाणी फट आहे. धारदार पटाशीनं किंवा स्क्रॅपरच्या पात्यानं फक्त ते डाग खरवडायचे. कागदापेक्षा पातळ साल निघाली पाहिजे. पुन्हा पेन्सिल, पुन्हा मान, पुन्हा डाग. सुरुवातीला चार-पाच ठिपके दिसतात, मग ते पसरत जातात, आणि शेवटी सगळा पृष्ठभाग एकसारखा करडा होतो. यात आख्खी दुपार गेली तरी जाऊ द्या. इथे पॉलिश पेपर वापरू नका. त्यानं कडा गोल होतात आणि सपाट दिसणारा पृष्ठभाग मध्ये फुगीर राहतो.

मिरजेत सतार-तंबोऱ्याचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जे करत आले आहेत, ते याच कुळातलं काम. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा आणि लाकडाची दांडी ‘गुळू’ नावाच्या भागापाशी मिळतात, तिथेही मान एकदाच बसते आणि तिथलाही कोन नंतर बदलत नाही. आपल्याकडे हे ज्ञान परकं नाही. मिरजेच्या एखाद्या कारखान्यात तासभर बसून सांधा कसा जुळवतात ते पाहता आलं तर कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकायला मिळेल.

आता गोंद

गोंद दोन लाकडांमधली दरी भरत नाही. खेटून बसलेल्या दोन पृष्ठभागांना तो धरून ठेवतो. तसा सांधा असेल तर साधा चांगला पांढरा किंवा पिवळा सुतारी गोंद पुरतो. ताण दिला तर सांध्याच्या आधी शेजारचं लाकूड फाटतं. गिटारीच्या सहा तारांचा एकूण ओढा चाळीस-पंचेचाळीस किलोच्या घरात असतो, तोही रात्रंदिवस. सैल सांध्यात हा भार गोंदाच्या जाड थरावर येतो आणि तो थर वर्षानुवर्षं अगदी हळू सरकत राहतो. मान पुढे झुकते, तारा उंच होत जातात. ‘गोंद खराब निघाला’ म्हणून ज्याला दोष दिला जातो, तो बहुतेक वेळा सैल सांधा असतो.

लाकूड ताजं खरवडलेलं असावं. सागवान तेलकट असतं, त्यावर गोंद लावण्याआधी अॅसिटोननं पुसून घ्यावं. जिभेच्या टोकाशी अर्धा मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. नाहीतर तळाशी कोंडलेला गोंद मानेला वर ढकलतो आणि कितीही क्लँप आवळले तरी ती खाली बसत नाही. पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाची, वायर जाण्याचं लांब भोक खाचेतून आधीच पाडून ठेवा. मान चिकटल्यावर तिथे ड्रिल पोचत नाही, आणि हे तेव्हाच लक्षात येतं.

क्लँप, त्यांच्याखाली ठेवायचे लाकडी गुटके, ओलं फडकं, सगळं हाताशी मांडून गोंदाशिवाय एकदा पूर्ण तालीम करा. उन्हाळ्यात गोंदावर पाच-सात मिनिटांत साय धरते. क्लँप शोधत बसायला तेव्हा वेळ नसतो. आवळल्यावर सांध्याच्या कडेनं गोंदाची बारीक सलग रेघ बाहेर आली की बस झालं. चोवीस तास क्लँप काढू नका आणि तारा चढवायला आणखी दोन-तीन दिवस थांबा.

लाकूड परदेशी हवं का?

गिब्सननं महोगनी वापरली म्हणून ती लागतेच असं नाही. आपल्याकडे सतारीला वापरतात ते ‘तून’ हे महोगनीच्याच कुळातलं झाड आहे, वजनाला हलकं आणि कोरायला सोपं. सागवान चालतं, फक्त जड पडतं आणि त्यातल्या वाळूसारख्या कणांनी हत्यारांची धार लवकर जाते. फिंगरबोर्डसाठी तर जगभरच्या कंपन्या आपलाच शिसव वापरत आल्या आहेत. शिसवाची जात २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे, म्हणून वखारीतून घेताना पावती जरूर घ्या. त्याचा भुसा त्वचेला आणि फुफ्फुसांना त्रास देतो, मास्कशिवाय कापू नका.

जातीपेक्षा महत्त्वाचा आहे कोरडेपणा. हवेतली आर्द्रता ४५ टक्के असेल तर लाकडात ८ टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं, आर्द्रता ८५ टक्के झाली की तेच १७-१८ टक्क्यांवर जातं. कोकणातला जुलै म्हणजे दुसरी परिस्थिती. तेव्हा कापलेली घट्ट जीभ जानेवारीत सैल होते. मापाला कापलेल्या फळ्या घरात हवेशीर ठेवा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांचं वजन करून फळीवरच पेन्सिलनं लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या घराच्या हवेशी जुळलं. सांध्याचं काम पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर काढलेलं बरं.

‘इतकं करण्यापेक्षा विकत का नाही घ्यायची?’

पैसे वाचवायचे असतील तर खरंच विकत घ्या. राउटर, क्लँप, फ्रेटची करवत हे सगळं धरलं तर पहिली घरगुती गिटार कारखान्यातल्या चांगल्या गिटारीपेक्षा महाग पडते. दुसरीपासून हिशेब बदलतो.

‘चुकलं तर सगळं फुकट’ ही भीती मात्र अर्धीच खरी. चिकटलेली मान उष्णता आणि वाफ देऊन काढता येते. गरम करून लावायचा पारंपरिक सरस यात सगळ्यांत सोपा सुटतो, सुतारी गोंद जरा झगडून, इपॉक्सी, म्हणजे दोन रसायनं मिसळून लावायचा गोंद, मात्र फार त्रास देतो. म्हणून पहिल्या गिटारीत इपॉक्सी टाळा. कोन थोडा कमी पडला तर ब्रिजखाली धड कोरून ब्रिज आत बसवता येतो. जास्त झाला तर ब्रिज खांबांवर उंच चढवावा लागतो, दिसायला बरं नसलं तरी गिटार वाजते.

शिवाय मानेत ट्रस रॉड असतो, फिंगरबोर्डखाली पुरलेली लोखंडी सळई. ती फिरवून मानेचा बाक कमी-जास्त करता येतो. गिब्सनमधल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये तिचं पेटंट मिळालं. पण सळई बाक सुधारते, सांध्याचा कोन नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून सळई आवळत बसलेले लोक अनेक आहेत, आणि शेवटी सळईच तुटते.

धाडस होत नसेल तर आधी रद्दी लाकडावर फक्त सांधा करा. पाइनचे दोन तुकडे, तोच साचा, त्याच उतरत्या पट्ट्या. चिकटवा, दोन दिवसांनी हातोडीनं तोडा आणि फाटलेला भाग बघा. दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू उपटून आलेले दिसले तर सांधा जमला. गोंदाची चकचकीत गुळगुळीत साय दिसली तर तिथे लाकूड लाकडाला टेकलंच नव्हतं, आणि पुन्हा पेन्सिल घेऊन बसायचं.